कणवेगवर्धकातील शलाकाक्षय व त्याचा शोध

कणवेगवर्धकातून धावणाऱ्या शलाकेतील काही कण ठरलेला मार्ग सोडून निर्वात नळीच्या भिंतीवर आपटतात. यालाच शलाकाक्षय म्हणतात. नळीत उरलेल्या विरळ वायूशी टक्कर, चुंबकांच्या मांडणीतील बारीक चूक, समान विद्युत्‌भाराच्या कणांचे एकमेकांना दूर लोटणे, रेडिओ-कंप्रता पोकळीचा अचानक बिघाड ही त्याची नेहमीची कारणे. क्षय शून्यावर आणता येत नाही. तो कोठे व किती होतो आहे हे वेळीच कळणे मात्र अत्यावश्यक असते.

मोठा क्षय एकाएकी झाला तर नळीला भोक पडून निर्वात नष्ट होते. थोडा क्षय दीर्घकाळ चालू राहिला तर धातू किरणोत्सर्गी बनतो आणि दुरुस्तीसाठी माणसाला यंत्राजवळ जाता येत नाही. म्हणून उच्च ऊर्जेच्या प्रोटॉन यंत्रांत दर मीटरला १ वॅट ही मर्यादा मानली जाते. ती किती कडक आहे हे हिशेबाने दिसते. थोरियमच्या वापरासाठी ज्या वेगवर्धकचलित अणुभट्टीचा विचार भारतात होत आला आहे, तिच्यासाठी १ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेची व ३० मिलिअँपिअर प्रवाहाची शलाका धरली, तर शक्ती ३ कोटी वॅट भरते. म्हणजे एका मीटरमागे ३ कोटींतला एकच भाग वाया जाऊ द्यायचा.

सर्वांत सरळ पद्धत म्हणजे नळीभोवती करंट ट्रान्सफॉर्मर बसवून दोन ठिकाणचा प्रवाह ताडून पाहणे. ती झटपट आहे, पण सूक्ष्म क्षय तिच्या पकडीत येत नाही. तानसा तलावातून मुंबईला पाणी नेणारी जलवाहिनी फुटली तर दोन टोकांच्या मोजमापांतला फरक ते सांगतो. सांध्यातली झिरप मात्र वाहिनीच्या कडेने ओल शोधत गेल्यावरच सापडते. वेगवर्धकातही तसेच नळीबाहेर शोधक ठेवून, आपटलेल्या कणांपासून निर्माण होणारे दुय्यम किरण टिपावे लागतात.

या कामी सर्वाधिक वापर आयनीकरण कोठीचा होतो. जिनिव्हाजवळील सर्नच्या २७ किलोमीटर परिघाच्या लार्ज हेड्रॉन कोलायडरभोवती अशा साडेतीन हजारांहून अधिक कोठ्या आहेत. प्रत्येक सुमारे अर्धा मीटर लांब, आत नायट्रोजन वायू आणि ॲल्युमिनियमच्या समांतर चकत्या. दुय्यम कणांनी वायूचे आयनीकरण झाले की चकत्यांमध्ये प्रवाह वाहतो. प्रोटॉनला एक फेरी पुरी करण्यास ८९ मायक्रोसेकंद लागतात. कोठ्यांचे वाचन दर ४० मायक्रोसेकंदांनी होते. एका कोठीने जरी मर्यादा ओलांडली, तरी काही फेऱ्यांतच सारी शलाका बाहेर काढून टाकली जाते. अतिसंवाहक चुंबकाची अतिसंवाहकता क्षयामुळे गेलीच, तर तापके चालू करून उष्णता संपूर्ण वेटोळ्यात पसरवतात. या तापकांचे सुमारे साडेपाच हजार विद्युत् पुरवठा संच भारताने दिले आहेत.

इतक्या मोठ्या यंत्रापेक्षा लहान यंत्रात क्षय शोधणे सोपे असेल असे वाटते. प्रत्यक्षात उलट आहे. मुंबईत तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ‘लेहिपा’ या वेगवर्धकाची रचना २० दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेसाठी व ३० मिलिअँपिअर प्रवाहासाठी केलेली आहे. या ऊर्जेचा प्रोटॉन तांब्यात एक मिलिमीटरही आत जात नाही. सगळी उष्णता पृष्ठालगत साठते आणि प्रोटॉन बाहेर येतच नाही. बाहेर येतात ते गॅमा किरण व न्यूट्रॉन. तेही ऊर्जा पुरेशी असेल तर. तांब्याच्या ६५ वस्तुमानांकाच्या समस्थानिकातून प्रोटॉनमुळे न्यूट्रॉन सुटण्यास सुमारे २.२ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, ६३ च्या समस्थानिकाला सुमारे ४.२. त्यामुळे यंत्राच्या आरंभीच्या भागात शोधक जवळजवळ आंधळे ठरतात. त्यातच पोकळ्यांतील तीव्र विद्युत् क्षेत्र शलाकेविनाही क्ष-किरण निर्माण करते. न्यूट्रॉन पॉलिथिनमध्ये मंद करून मोजणारे शोधक या क्ष-किरणांना फसत नाहीत, पण मंदनाला वेळ लागतो. अशा यंत्रात तातडीचे संरक्षण म्हणून प्रवाहातील फरकावरच भिस्त ठेवावी लागते. न्यूट्रॉन शोधक संथ क्षयावर लक्ष ठेवतात.

कुलाब्यात टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारातील १४ दशलक्ष व्होल्टचा पेलेट्रॉन वेगवर्धक १९८८ च्या अखेरीस कार्यान्वित झाला. या जातीच्या यंत्रांत थोडासा क्षय मुद्दाम घडवून कामी लावता येतो. विश्लेषक चुंबकापुढील फटीच्या दोन्ही कडांवर शलाकेची किनार पडू देतात. ऊर्जा बदलली की शलाका एका बाजूला सरकते, दोन कडांवरील प्रवाहांत फरक पडतो आणि त्या फरकाने अग्रावरील विद्युत् दाब दुरुस्त केला जातो.

शोधकाचे वाचन आणि प्रत्यक्ष वाया गेलेले कण यांचे नाते जागेगणिक बदलते, कारण मधल्या चुंबकाची जाडी, भिंतीचा धातू व आपटण्याचा कोन निरनिराळे असतात. ते ठरवण्यासाठी संगणकावर कणांचा प्रवास मांडतात. मग अगदी क्षीण शलाका मुद्दाम ठरावीक जागी भिंतीवर पाडून शोधकाचा आकडा पडताळतात आणि त्यावरून त्या जागेची धोक्याची मर्यादा निश्चित करतात.