खाचेतला ठोकळा : चिमुकल्यांच्या कोड्याचा इतिहास

सीताबर्डीवरून आणलेलं चोवीस तुकड्यांचं चित्रकोडं दोन वर्षांच्या मुलाला जमत नाही, म्हणून आईबाबा काळजीने दवाखान्यात येतात. मूल ठीक असतं, खोकं चुकलेलं असतं.

हे कोडं मुळात एवढ्या लहानांसाठी नव्हतंच. १७६०च्या दशकात लंडनच्या जॉन स्पिल्सबरीने नकाशे लाकडावर चिकटवून देशांच्या सीमांवरून कापले, ते भूगोल शिकवायला. चिमुकल्यांचं कोडं दुसऱ्या वाटेने आलं, आणि ती वाट आमच्या पेशातून जाते (सांगताना कॉलर जरा ताठ होते!). एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या एदुआर सेगँ यांनी बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठी खाचांची फळी वापरली. गोल ठोकळा, गोल खाच. त्यांच्याच कामावरून डॉ. मारिया माँटेसरी यांनी साधनं घडवली. ठोकळा चुकला की बसतच नाही. मुलाला रागवावं लागत नाही.

पण ही साधनं महाग होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत बालशिक्षणाचं काम केलं, ते शिंपले, बिया, खडे, पानं घेऊन.

तुम्हीही जुन्या कॅलेंडरचं चित्र पुठ्ठ्यावर चिकटवून दोन-तीन मोठे तुकडे करा. दीड वर्षाच्या बाळाला मात्र मूठ असलेला एकेक ठोकळाच पुरे. तोंडात मावेल असा तुकडा नको. आणि दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, बोटाने वस्तू दाखवत नसेल, तर जरूर घेऊन या.