चौऱ्याऐंशी किलोमीटरची चूक

जुन्नर तालुक्यातल्या मढ गावातून माळशेजकडे तोंड करून उभे राहिले, तर मुंबईचा विमानतळ सरळ रेषेत साधारण शंभर किलोमीटरवर येतो. विमानाला हे अंतर काही मिनिटांचे. पण या काही मिनिटांच्या हिशेबात याच तालुक्यात ९४ माणसांचा जीव गेला आहे.

६ जुलै १९६२ रोजी अलितालिया कंपनीचे डीसी-८ जेट बँकॉकहून मुंबईस निघाले. ते सिडनीहून रोमला चालले होते. या टप्प्याचे अंतर मी स्वतः काढून पाहिले. पृथ्वी गोल असल्याने सपाट नकाशावर पट्टी ठेवून ते मिळत नाही. गोलावर दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणला, की तो ज्या बृहद्वृत्तावर बसतो तोच सर्वांत जवळचा मार्ग. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश त्रिकोणमितीच्या सूत्रात घातले, की पृथ्वीच्या केंद्राशी सुमारे २७ अंशांचा कोन येतो. एक अंश म्हणजे ६० सागरी मैल आणि एक सागरी मैल १.८५२ किलोमीटर. उत्तर येते सुमारे १,६२५ सागरी मैल, म्हणजे ३,०१० किलोमीटर. ठरलेल्या हवाई मार्गाने ते थोडे वाढते, इतकेच.

हे गणित वहीवर बसून होते. वैमानिकापुढचा प्रश्न वेगळा असतो : यातले किती उरले? वाऱ्याने वेग बदलतो, आणि पावसाळी रात्री खाली काहीच दिसत नाही.

मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात ते विमान मुंबईच्या ईशान्येस सुमारे ८४ किलोमीटरवर, चौकशी अहवालात ‘दावंड्याची’ म्हणून नोंदलेल्या डोंगरावर सुमारे ३,६०० फुटांवर आदळले. माथा अवघा पाच फूट वर राहिला होता. ८५ प्रवासी आणि ९ कर्मचारी, कोणीही वाचले नाही.

अहवालाचा निष्कर्ष असा : मार्गनिर्देशनातील चुकीमुळे वैमानिकाला आपण मुंबईच्या जवळ आल्याचे वाटले आणि तो वेळेआधी खाली उतरू लागला. नेमके स्थान कळण्यासाठी जमिनीवरील रेडिओ साधने उपलब्ध होती, त्यांचा उपयोग केला गेला नाही. किमान सुरक्षित उंचीचा नियमही मोडला गेला, आणि या मार्गावरच्या भूप्रदेशाचा वैमानिकाला परिचय नव्हता.

८४ किलोमीटर हा एकूण अंतराचा तीन टक्क्यांहूनही कमी भाग. एखाद्या सपाट मुलखात एवढी चूक कदाचित निभावली असती. इथे मात्र तेवढ्या अंतरातच घाटमाथा संपून कोकण लागते. कोकणावर जी उंची पुरली असती, तीच जुन्नरच्या डोंगरांत कमी पडली.

दोन विमानतळांमधले अंतर आज कोणताही विद्यार्थी काढील. ते बदलत नाही. उरलेले अंतर मात्र अंदाजाने धरायचे नसते, दर घडीला मोजायचे असते. दावंड्याच्या डोंगराने हा धडा फार महाग शिकवला.