वाद, दावा आणि खात्री

नवं कांबळं पांघरून एक मुलगा चाललाय. त्याच्याकडे बघून कुणी म्हणतं, ‘हा नवकंबल आहे.’ दुसरा लगेच उसळतो : ‘नऊ कुठली? याच्याकडे तर एकच दिसतंय!’ संस्कृतात ‘नव’ म्हणजे नवाही आणि नऊही. वात्स्यायनाने न्यायसूत्रांवरच्या भाष्यात छलाचं हे उदाहरण दिलं आहे. समोरच्याच्या शब्दांत भलताच अर्थ कोंबायचा आणि मग तोच अर्थ खोडून जिंकल्याचा आव आणायचा, हा छल. ही सूत्रं रचणाऱ्या गौतमाने सोळा पदार्थांच्या, म्हणजे शास्त्रातल्या विषयांच्या, यादीत त्याला स्वतंत्र जागा दिली, कारण तो ओळखता येणं हा शिक्षणाचाच भाग होता.

मराठीत ‘छल’चा ‘छळ’ झाला आणि लबाडी मागे पडून जाच पुढे आला. जुना अर्थ ‘छळकपट’मध्ये थोडा शिल्लक आहे, ‘शब्दच्छल’मध्ये तर पुरता, तिथे तो ‘ल’सुद्धा टिकून आहे.

‘वाद’ची गत याहून वाईट. न्यायदर्शनात वाद म्हणजे पक्ष-प्रतिपक्ष मांडून, प्रमाण आणि तर्क यांच्या आधाराने सत्यापाशी पोचण्यासाठी केलेली चर्चा. ती गुरूशी, शिष्याशी, सहाध्यायाशी करावी, आणि ज्याच्या मनात असूया नाही त्याच्याशी. जिंकण्यासाठीच जी झुंज होते तिला नाव होतं ‘जल्प’. छल वगैरे हत्यारं तिथे चालत. आपण मात्र जल्पाचं सगळं काम वादाच्या गळ्यात बांधलं. आता वाद ‘घालतात’, ‘उकरून काढतात’, ‘मिटवतात’. जागा वादग्रस्त असते आणि वादी कोर्टात उभा राहतो. शाळेतल्या वादविवाद स्पर्धेत तर बाजू चिठ्ठी काढून ठरते आणि ढाल जिंकणाऱ्याला मिळते. गौतमाने याला बेलाशक जल्प म्हटलं असतं.

‘वितंडवाद’ टिकला, पण बोथट होऊन. आज आपण कुठल्याही किचकट, निष्फळ बोलण्याला वितंडवाद म्हणतो. मूळची वितंडा नेमकी होती : स्वतःचा पक्ष न मांडता फक्त दुसऱ्याचा खोडत राहणं. असा माणूस आजही कुठल्याही चर्चेत भेटतो. त्याला ‘मग तुमचं म्हणणं काय?’ एवढंच विचारून पाहावं.

गंमत अशी, की फारसीमार्गे आलेल्या अरबी शब्दानेही हीच वाट धरली. ‘दावा’ म्हणजे एखादी गोष्ट आपली किंवा खरी आहे असं सांगणं. मराठीत तो कोर्टात गेला, आणि ‘दावा साधला’ असं म्हणताना तर थेट वैरच झाला. ‘मुद्दा’ हा त्याच धातूतून निघालेला त्याचा सख्खा भाऊ. तो मात्र सभ्य राहिला. मुद्द्याचं बोला, असं आपण म्हणतो. गुद्द्यांवर आला की मुद्दा संपला, हेही भाषेनेच यमक जुळवून ठेवलंय.

मला जास्त खटकते ती ‘खातरजमा’. खातिर म्हणजे मन आणि जमा म्हणजे गोळा झालेलं, थाऱ्यावर आलेलं. मन निर्धास्त झालं की खातरजमा झाली. ‘खात्री’ही त्याच खातिरमधून आली. आज मोबाइलवर आलेल्या मजकुराची ‘खातरजमा करा’ असं सांगतात तेव्हा अपेक्षित असते पडताळणी : मूळ बातमी शोधणं, तारीख बघणं, फोटो कुठला ते तपासणं. पण पुष्कळदा घडतं ते शब्दाच्या जुन्या अर्थाने. आपल्याला आधीच पटलेली गोष्ट आणखी दोघांनी पाठवली, की मन थाऱ्यावर येतं.

याउलट गौतमाच्या यादीत संशय आधी येतो आणि निर्णय बराच नंतर. मध्ये दृष्टान्त, अवयव (म्हणजे युक्तिवादाची अंगं), तर्क असे टप्पे आहेत. अंधारात दिसतोय तो खांब की माणूस, हे संशयाचं ठरलेलं उदाहरण. त्यात कुणावर आळ नाही. जवळ जाऊन बघायचं, एवढंच. मराठीत मात्र संशय ‘घेतात’, आणि तोही बहुतेक वेळा माणसावर. तो त्याच्या विधानावर घेतला, तरी विधान करणारा रागावतोच.