सोनार आणि कुंभार

माझ्याकडच्या कॉन्टॅक्स टी-टू या फिल्म कॅमेऱ्याच्या भिंगाचे नाव आहे सोनार. आपल्याला सराफकट्टा आठवतो. पण हे नाव सूर्याच्या जर्मन शब्दावरून आले. आराखडा कार्ल झाइसचा. कॅमेरा घडवला मात्र जपानच्या क्योसेराने, आणि ही मंडळी मुळात सिरॅमिकवाली, म्हणजे एका अर्थी कुंभारच! १९५९ साली क्योटोत सुरू झालेल्या या कंपनीने १९८३ साली याशिका आपल्यात सामावून घेतली नि १९९० साली हा कॅमेरा काढला. टायटॅनियमचे अंग, बटणाला कृत्रिम नीलम, आत फिल्म सपाट धरणारी पट्टी सिरॅमिकची. टोकियोचा शेअर बाजार त्याच वर्षी कोसळत होता. तरी खिशातल्या या चैनीच्या वाटेने १९९३ साली निकॉन, १९९५ साली लायका आणि १९९६ साली रिको, मिनोल्टाही आले.

रोलवर फोटो ३६च, त्यामुळे बोट आवरावे लागते. शेर लिहितानाही मी इतका काटकसरी नसतो. पण बॅटरीवाचून याचे शटर हलत नाही. जुने यांत्रिक कॅमेरे आमचा घड्याळजी उघडून पाहत असे. याच्या सर्किटपुढे त्याने हात टेकले. २००५ साली क्योसेराने कॉन्टॅक्सचा धंदा गुंडाळत असल्याचे जाहीर केले. आता सुटे भाग मिळाले तर बहुधा दुसऱ्या, बंद पडलेल्या टी-टूमधून काढलेले. माझा अजून चालतो. महिन्याला एक रोल मी त्यात घालतोच.