शिखराचा कर्ता : वाटाड्या, गिऱ्हाईक आणि त्यांची पुस्तके

१८९९ साली लंडनमध्ये एकाच डोंगराची हकिकत सांगणारी दोन पुस्तके निघाली. एकाचा लेखक एडवर्ड फिट्झजेराल्ड. हा सधन आणि हौशी तरुण. दक्षिण अमेरिकेतल्या अकोंकाग्वा या शिखरावरची १८९६-९७ ची मोहीम त्याने उभी केली होती आणि नेतृत्वही त्याचेच होते. दुसऱ्याचा लेखक मातिआस झुर्ब्रिगन, त्याच मोहिमेतला पगारी वाटाड्या. फिट्झजेराल्डचे पुस्तक मोहिमेचा अधिकृत वृत्तान्त म्हणून आले. झुर्ब्रिगनचे आले ते एका वाटाड्याचे आत्मचरित्र म्हणून, आणि तेही भाषांतराच्या वाटेने इंग्रजीत. गिर्यारोहणाच्या साहित्यावर बोलताना या जोडीकडे फारसे कोणी वळत नाही. आम्हांस मात्र पैसे देऊन उंच डोंगरावर जाण्याच्या प्रथेचा सारा इतिहास या दोन पुस्तकांच्या मधल्या जागेत साठलेला दिसतो.

घडले ते असे. आशियाबाहेरचे सर्वांत उंच शिखर म्हणजे अकोंकाग्वा, उंची ६,९६१ मीटर. १८८३ साली पॉल ग्युसफेल्ट हा जर्मन प्रवासी त्यावर साडेसहा हजार मीटरपर्यंत पोहोचून परतला होता. फिट्झजेराल्डने पुन्हा पुन्हा प्रयत्न केला, आणि दर वेळी विरळ हवेने त्याला आजारी पाडले. १४ जानेवारी १८९७ रोजी, आपल्याने पुढे जाववत नाही हे कळल्यावर, त्याने झुर्ब्रिगनला एकट्यालाच वर जाऊ दिले. झुर्ब्रिगन गेला, माथ्यावर दगडांची रास रचली आणि उतरून आला. महिनाभराने त्याच चमूतला स्टुअर्ट व्हाइन्स एका इटालियन हमालासह, निकोला लांटीसह, शिखरावर पोहोचला. ज्याची मोहीम होती त्याला ते शिखर कधीच लाभले नाही.

येथे व्याकरणाचा प्रश्न उभा राहतो. 'फिट्झजेराल्डच्या मोहिमेने अकोंकाग्वा प्रथम सर केले' हे वाक्य खरे आहे. 'झुर्ब्रिगनने प्रथम सर केले' हेही खरे आहे. दोन्ही वाक्यांत क्रियापद एकच, कर्ता मात्र वेगळा. 'सर करणे' हा आपला वाक्प्रचार फारसीतून आलेला आणि लढाईतला. गड सर होतो, ठाणे सर होते, आणि जिंकणारा म्हणून नाव लागते ते सरदाराचे. तटाला दोर लावणाऱ्याचे क्वचितच. डोंगर चढण्यासाठी मराठीने हे युद्धाचे क्रियापद उचलले, तेव्हा त्याच्यासोबत श्रेयाची ती जुनी वाटणीही आली असावी. १९९८ साली सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोहोचले. २०१२ साली पुण्याच्या 'गिरिप्रेमी' संस्थेची उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखालची मोहीम यशस्वी झाली. अशा मोहिमांच्या मराठी बातम्यांत शेर्पा येतात ते बहुधा तृतीया विभक्तीत किंवा 'च्या मदतीने' या शब्दांच्या मागे. वार्ताहराला दोष देण्यात अर्थ नाही. वाक्याचा साचाच तसा आहे.

फिट्झजेराल्डला न्याय द्यायचा तर म्हटले पाहिजे की त्याने काही लपवले नाही. आपल्या आजाराचे आणि परत फिरण्याचे वर्णन तो मोकळेपणाने करतो, पहिल्या आरोहणाचे श्रेय वाटाड्याला देतो. पण देणारा तो आहे, आणि घेणारा झुर्ब्रिगन. या नात्याची मुळे आल्प्समध्ये आहेत. तेथल्या वाटाड्यापाशी एक वही असे. प्रवास संपला की गिऱ्हाईक त्या वहीत अभिप्राय लिही : माणूस धाडसी आहे, दोरावर भरवशाचा आहे, दारूचा नाद नाही, वगैरे. पुढचे गिऱ्हाईक ती वही वाचून त्याला कामावर ठेवी. म्हणजे वाटाड्याचे चरित्र पहिल्यांदा लिहिले गेले ते त्याच्याच खिशातल्या वहीत आणि गिऱ्हाइकाच्या हस्ताक्षरात. १९२८ साली स्थापन झालेल्या हिमालयन क्लबने दार्जिलिंगच्या शेर्पांसाठी हीच पद्धत उचलली. त्यांच्याही वह्यांत मोहिमेचे प्रमुख शेरे लिहीत. पुढे उंचावर उत्तम काम करणाऱ्यांना 'टायगर' हे बिरुद देण्यात येऊ लागले. अनेक शेर्पांना आपल्या वहीतला मजकूर वाचता येत नसे. ही वही हा एक साहित्यप्रकारच मानावा, असे आम्हांस वाटते : ज्यात नायक आहे, निवेदक आहे, वाचक आहे, आणि नायकाला तेवढा त्यात प्रवेश नाही. झुर्ब्रिगनच्या आत्मचरित्राचे मोल या पार्श्वभूमीवर कळते. ज्याच्याविषयी शेरे लिहिले जात, त्याने एकदा स्वतः (भाषांतरकाराच्या मध्यस्थीने का होईना) तोंड उघडले.

वाटाड्यावर नेहमीच अन्याय झाला, असे सरळ सूत्र मात्र मांडता येत नाही. ८ ऑगस्ट १७८६ रोजी माँ ब्लाँवर प्रथम चढले ते शामोनीचा डॉक्टर मिशेल-गाब्रिएल पाकार आणि स्फटिक शोधत हिंडणारा झाक बाल्मा. तेथे श्रेय जवळजवळ सगळेच बाल्माकडे गेले आणि डॉक्टर शतकभर बाजूला पडला. याचे कारण बाल्माला लिहिणारे भेटले. १८३२ साली खुद्द अलेक्झांडर द्यूमाने म्हाताऱ्या बाल्माची मुलाखत घेऊन ती हकिकत रंगवून सांगितली. १८८७ साली शामोनीत पुतळा उभा राहिला तो बाल्मा आणि सोस्यूरचा, म्हणजे वाटाड्याचा आणि शिखरासाठी बक्षीस लावणाऱ्या विद्वानाचा. पाकारचा पुतळा त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी आला. तेव्हा वर्गापेक्षाही लेखणी कोणाच्या बाजूला होती, हे पाहावे लागते. याच शामोनीत १८२० साली हिमप्रपातात तीन वाटाडे मेले आणि पुढच्याच वर्षी वाटाड्यांनी आपली संघटना स्थापन केली. धंद्याला नियम, दर, पाळी आणि मृतांच्या कुटुंबांसाठी निधी आला. हिमालयाला या टप्प्यावर यायला फार काळ लागला.

हिमालयात वाटाडे प्रथम बाहेरूनच आले. १९०७ साली टॉम लाँगस्टाफ ७,१२० मीटरच्या त्रिशूळवर चढला तेव्हा त्याच्यासोबत ब्रोशरेल बंधू हे आल्प्समधले वाटाडे होते आणि करबीर बुराथोकी हा गुरखा. पुढच्या दशकांत युरोपीय वाटाडा मागे पडला आणि त्याची जागा शेर्पाने घेतली. पण वाटाडा म्हणून नव्हे, हमाल म्हणून. शेर्पा हे एका समाजाचे नाव. 'पूर्वेकडचे लोक' असा त्याचा अर्थ. जगाने ते धंद्याचे नाव करून टाकले. १९५० साली अन्नपूर्णेवर मोरिस एर्झोगने आपला सरदार आंग थारके याला शिखरावर चलण्याचे निमंत्रण दिले, आणि त्याने पाय गारठू लागल्याचे सांगून ते नाकारले. एर्झोगचे पुस्तक जगभर खपले. आंग थारकेच्या आठवणी १९५४ साली फ्रेंचमध्ये आल्या, दुसऱ्याने शब्दांकन केलेल्या. इंग्रजीत यायला त्यांना २०१६ साल उजाडले. तेनझिंगचे आत्मचरित्रही १९५५ साली जेम्स रॅमसे उलमन या अमेरिकन लेखकाच्या लेखणीतून उतरले. मराठीत शब्दांकित आत्मकथनांची परंपरा आपल्या परिचयाची आहे. त्यातला आवाज कोणाचा, हा वाद आपण वर्गात नेहमी घालतो. तोच वाद येथेही घालण्याजोगा आहे.

ज्याला आज व्यावसायिक मोहीम म्हणतात तिची सुरुवात बहुतेक जण ३० एप्रिल १९८५ पासून धरतात. त्या दिवशी डिक बास हा पंचावन्न वर्षांचा अमेरिकन उद्योजक डेव्हिड ब्रीशर्स या निष्णात गिर्यारोहकाच्या सोबतीने एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचला. त्याआधी तो सहा खंडांची सर्वोच्च शिखरे चढून आला होता. त्यांत अकोंकाग्वाही होते. पुढच्याच वर्षी त्याचे व त्याच्या मित्राचे पुस्तक आले, तेही रिक रिजवे या गिर्यारोहक-लेखकाच्या साहाय्याने. 'सात शिखरे' ही कल्पना त्यामुळे लोकप्रिय झाली, आणि झुर्ब्रिगन ज्या माथ्यावर एकटा उभा राहिला होता तो यादीतला एक क्रमांक झाला. पैसे भरावेत, दोर आधीच लावलेले असावेत, प्राणवायूच्या नळ्या वर पोचवलेल्या असाव्यात, तंबूत चहा मिळावा आणि कोठे थांबायचे हे दुसऱ्याने ठरवावे, अशी ही व्यवस्था. वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. तीर्थयात्रेत पंडा आणि डोलीवाला असतोच. यात्रेकरूची श्रद्धा त्यामुळे खोटी ठरत नाही.

पण एक गोष्ट उलटी झाली होती. १८९७ साली वाटाड्याने जावे की नाही हे गिऱ्हाईक ठरवत होते. १९९६ साली न्यूझीलंडच्या रॉब हॉलने गिऱ्हाइकांकडून सुमारे पासष्ट हजार डॉलर घेतले ते काही अंशी यासाठीच, की दुपारी ठरल्या वेळी त्याने त्यांना परत फिरायला लावावे. हुकूम देण्याचा अधिकारच विकत घेतलेला. मग तो हुकूम देणे किती अवघड! १९९५ साली हॉलने डग हॅन्सन या गिऱ्हाइकाला शिखराजवळून परत फिरवले होते. १० मे १९९६ रोजी हॅन्सन दुपारी चारनंतर माथ्यावर पोहोचला, आणि हॉल त्याच्यासाठी थांबला होता. दोघेही परतले नाहीत. त्या वादळात डोंगराच्या दोन्ही बाजूंवर मिळून आठ जण गेले. दुसऱ्या मोहिमेचा प्रमुख स्कॉट फिशर त्यांतलाच.

आणि पुन्हा दोन पुस्तके, पुन्हा एकाच साली. १९९७ मध्ये 'आउटसाइड' मासिकाने पाठवलेल्या जॉन क्राकाउरचे 'इन्टू थिन एअर' आले. तो हॉलच्या गिऱ्हाइकांपैकी एक होता. त्याच वर्षी फिशरचा पगारी वाटाड्या अनातोली बुक्रीएव्ह याचे 'द क्लाइंब' आले, जी. वेस्टन डिवॉल्ट या सहलेखकासह, कारण बुक्रीएव्हचे इंग्रजी तोकडे होते. क्राकाउरचा आक्षेप असा, की वाटाड्याने कृत्रिम प्राणवायूशिवाय चढावे आणि गिऱ्हाइकांआधी खाली उतरावे हे कर्तव्याला धरून नव्हते. बुक्रीएव्हचे म्हणणे असे, की हे फिशरशी ठरलेले होते, आणि आधी उतरून दम खाल्ला म्हणूनच रात्री वादळात बाहेर पडून त्याला तिघांना तंबूत आणता आले. त्या तिघांना त्याने आणले हे क्राकाउरही मान्य करतो. बुक्रीएव्ह त्याच वर्षी २५ डिसेंबरला अन्नपूर्णेवर हिमप्रपातात गेला. क्राकाउरचे पुस्तक वाङ्मयीन दृष्ट्या निःसंशय सरस आहे. प्रसंगांची गुंफण, स्वतःविषयीची अपराधी भावना, सारे विलक्षण पकड घेते. पण सरस गद्य ही साक्षीची सत्यता नव्हे. विद्यार्थ्यांपुढे ही दोन पुस्तके शेजारी शेजारी ठेवावीत. अविश्वसनीय निवेदक समजावून सांगायला मग कादंबरीकडे जावे लागणार नाही.

या वादात दोघेही एकमेकांकडे पाहतात, खाली मात्र फारसे पाहत नाहीत. वाटाड्या आता पाश्चात्त्य व्यावसायिक झाला होता, आणि झुर्ब्रिगनची जुनी जागा शेर्पांकडे आली होती. फिशरचा सरदार लोपसांग जांबू त्याच वर्षीच्या शरद मोसमात एव्हरेस्टवरच हिमप्रपातात मेला. त्याची बाजू सांगणारे स्वतःचे पुस्तक नाही. उत्तर बाजूला त्याच वादळात भारत-तिबेट सीमा पोलीस दलाचे त्सेवांग समानला, दोर्जे मोरुप आणि त्सेवांग पालजोर हे तिघे गेले. त्यांची मोहीम व्यावसायिक नव्हती. १९९६ ची शोकांतिका आपल्याकडेही मुख्यतः अमेरिकन पुस्तकातून वाचली गेली, आणि आपलेच तिघे तिच्यात समासातले राहिले.

२०१४ साली एप्रिलच्या १८ तारखेला खुंबूच्या हिमप्रपातात सोळा नेपाळी कामगार मेले. उरलेल्यांनी त्या मोसमात काम करायला नकार दिला आणि दक्षिण बाजूच्या मोहिमा गुंडाळाव्या लागल्या. शामोनीत १८२१ साली जे घडले त्याची येथे आठवण होते.

१९५३ साली काठमांडूत उतरताच लोकांनी तेनझिंगला गाठले होते : आधी पाऊल कोणाचे पडले? दोघांनी 'जवळजवळ एकदमच' अशा अर्थाचे निवेदन केले. अखेर तेनझिंगनेच आत्मचरित्रात हिलरी काही पावले पुढे होता असे सांगून टाकले. १६ जानेवारी २०२१ रोजी के-टू हिवाळ्यात प्रथमच चढले गेले. चढणारे दहा जण होते. नऊ शेर्पा आणि निर्मल पुर्जा हा मगर. वेगवेगळ्या चमूंतले हे लोक, बरेचसे धंद्याने वाटाडे. या वेळी माथ्यावर न्यायचे गिऱ्हाईक सोबत नव्हते. शिखर काही मीटरांवर असताना पुढचे मागच्यांसाठी थांबले, आणि मग सगळे एका रांगेत, नेपाळचे राष्ट्रगीत म्हणत, वर गेले.