मुंबईतील भाडेकरूची पारख : कायदा आणि जात

मुंबईच्या चाळींत गाववाल्याची शिफारस हीच भाडेकरूची पहिली परीक्षा होती. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० च्या दराशी बांधले व भाडेकरूस निष्कासनापासून संरक्षण दिले. परिणामी खोली देणे हा मालकाच्या दृष्टीने जवळजवळ कायमचा निर्णय ठरला आणि पारख अधिकच कडक झाली. पागडी निषिद्ध असूनही सर्रास घेतली जाई (तिला मान्यता १९९९ च्या कायद्याने मिळाली). मात्र पागडीच्या आधी आडनाव विचारले जाई. राज्यघटनेच्या अनुच्छेद १५(२) ने दुकाने, उपाहारगृहे, पाणवठे सर्वांना खुले केले. खाजगी घराचा उंबरठा त्यात आला नाही. त्यामुळे भाडे कायद्याचे संरक्षण आत शिरलेल्यासच लाभले. दारातूनच परतविलेला दलित वा मुस्लिम अर्जदार कायद्याच्या व्याख्येनुसार भाडेकरू नव्हताच.