उंच स्वराचें मोल

युरोपीय संगीतनाटकांत, म्हणजे ऑपेरांत, नायकाची भूमिका बहुधा ‘टेनर’ या उंच पुरुषी आवाजाच्या गायकाकडे असते. त्याच्या आवाक्याच्या माथ्यावर ‘वरचा सी’ नांवाचा स्वर आहे. आपला षड्ज गवयाच्या गळ्याप्रमाणें वरखालीं सरकतो. हा सी मात्र जागचा हलत नाहीं. आजच्या मापानें सेकंदास सुमारें ५२३ कंपनें एवढी त्याची उंची ठरलेली आहे. तो कसा गावा, या प्रश्नावरून एकोणिसाव्या शतकांत पॅरिसमध्यें जें घडलें, तें कलेच्या कोणाही चाहत्यानें विचारांत घेण्याजोगें आहे असें आम्हांस वाटतें.

रॉसिनीचें ‘गीयोम तेल’ हें नाटक ३ ऑगस्ट १८२९ रोजीं पॅरिसच्या ऑपेरागृहांत प्रथम झालें. त्यांतील आर्नोल्डची भूमिका आदॉल्फ नूरी यानें केली. नूरी अत्युच्च स्वर मस्तकांतून, हलक्या व तरल आवाजांत काढी. कंठांतील स्वरतंतूंच्या पातळ कडाच मुख्यतः कंप पावत असल्या म्हणजे असा नाजूक नाद उमटतो. हें कांहीं त्याच्या गळ्याचें वैगुण्य नव्हे. त्या काळची शिष्टसंमत रीतिच ती होती. रुबिनीसारखा इटालियन गायकही याच वाटेनें शिखर गाठीत असे.

पुढें दोनच वर्षांनीं, १८३१ सालीं, इटलींतील लुक्का येथें झील्बेर दुप्रे या फ्रेंच तरुणानें त्याच भूमिकेंत तो सी छातीच्या भरदार आवाजांत लावला. १७ एप्रिल १८३७ रोजीं पॅरिसमध्यें त्यानें पुन्हां तेंच केलें, आणि प्रेक्षक बेभान झाले. स्वतः रॉसिनीस ही रीत मुळींच रुचली नाहीं; परंतु टाळ्या रचनाकाराच्या नव्हे, श्रोत्यांच्या हातांत असतात. १८४० सालीं दिदे व पेत्रकॅं या दोन फ्रेंच वैद्यांनीं या नव्या आवाजाचें परीक्षण करून, कंठ वर चढूं न देतां खालींच स्थिर ठेवणें हें त्याचें मर्म असल्याचें सांगितलें.

दुप्रेस आपल्या बरोबरीचें स्थान मिळणार हें कळल्यावर नूरीनें १८३६ मध्येंच राजीनामा दिला होता. १ एप्रिल १८३७ रोजीं त्यानें पॅरिसच्या रंगभूमीचा निरोप घेतला. पुढें नेपल्स येथें दोनिझेत्तीच्या हाताखालीं, छत्तिशींत आलेला हा नामांकित नट पुन्हां विद्यार्थी झाला. दोनिझेत्तीनें त्याच्यासाठीं रचलेल्या ‘पोलिउतो’ नाटकास तेथील राजानें मनाई केली. नवा आवाज पुरता हातीं येईना, आणि जुना मात्र गेला. ८ मार्च १८३९ रोजीं त्यानें आत्महत्या केली. त्याचा देह फ्रान्समध्यें नेत असतां मार्से येथें झालेल्या प्रार्थनेच्या वेळीं त्याचा स्नेही शोपॅं यानें ऑर्गन वाजविला.

एका स्वरानेंच त्याचा बळी घेतला, असें म्हणणें साहसाचें होईल; त्याची प्रकृति व मन हीं दोन्हीं खचलीं होतीं. तथापि जें आपल्यापाशीं उत्तम होतें तेंच लोकरुचीच्या भयानें टाकून देण्याची पाळी त्याच्यावर आली, हें खरें. दुप्रेचा विजय तरी कितीसा टिकला? दहा-बारा वर्षांतच त्याचा आवाज झिजला. रीत मात्र रुजली; वाद्यवृंद मोठे होत चालले होते आणि त्यांच्यावरून ऐकूं जाईल असा आवाज हवा होता. ‘इल त्रोवातोरे’ (१८५३) मधील ज्या सीची श्रोते वाट पाहतात, तो तर व्हेर्दीनें लिहिलेलाच नाहीं. गायकांनीं तो मागाहून घुसडला.

१९७२ सालीं न्यूयॉर्क येथें पाव्हारोत्तीनें दोनिझेत्तीच्या एकाच गीतांतील नऊ सी भरदार आवाजांत गाऊन सभागृह जिंकलें. २००७ सालीं मिलान येथें फ्लोरेसनें तेच सी फिकट न करतां, पण हलक्या व चपळ गळ्यानें गाइले, आणि तें गीत त्यास पुन्हां म्हणावें लागलें. दोन्हीं गळे आपापल्या धर्मानें चालले, म्हणून दोघांसही यश आलें. उंच स्वराची कसोटी केवळ बळाची नसते. तो गाणाऱ्याचा स्वतःचा आहे कीं उसना, हेंही श्रोत्यानें पारखावें. ही पारख पॅरिसच्या रसिकांनीं केली असती, तर दोन्हीं रीति शेजारीं शेजारीं नांदल्या असत्या, एवढेंच आमचें म्हणणें आहे.